खोगिरावरचे ध्येयवाक्य

हौसाची मोरी, मोरीची सावळी आणि सावळीच्या पोटी मी. मित्रांनो, माझ्या घराण्याची ओळख आधी करून घ्या. ती नीट झाल्याशिवाय पुढचे सांगण्याची माझी इच्छा नाही. माझी पणजी हौसा हिने जतच्या माळापासून कृष्णाकाठापर्यंत बिऱ्हाडे वाहिली. आजी मोरी हिने दुष्काळात माणसांआधी मेंढरांसाठी पाणी वाहिले. आई सावळी हिने एक ओली बाळंतीण आणि तिचे तान्हे मूल पाठीवर घेऊन घाट उतरला आणि पाऊल घसरू दिले नाही. त्या तिघींच्या मागून मी आले. माझे नाव तेजी. मी आता म्हातारी झालेली एक घोडी आहे आणि माण तालुक्यातल्या धनाजी नावाच्या धनगराचे बिऱ्हाड माझ्या पाठीवर आहे.

शर्यतीत पळणारी घोडी किंवा नवरदेवाला मिरवणारी घोडी तुम्ही पाहिली असेल. माझी तुलना त्यांच्याशी करू नका. त्या घटकाभर नाचतात. माझ्या घराण्यातल्या घोड्या संसार वाहतात.

आमचा मुलूख कोरडा. दिवाळी झाली की माळावरचे गवत संपते. मग मेंढरे घेऊन माणसे पश्चिमेकडे निघतात, कृष्णाकाठच्या ऊस तोडलेल्या रानांत मेंढरे बसवतात आणि पाऊस पडू लागला की परततात. या प्रवासाची एक शिस्त आहे. पुरुष मेंढरांबरोबर रानारानांतून जातात. बायका पहाटे बिऱ्हाड घोडीवर लादतात, वाटेने पुढे जातात आणि पुरुष पोहोचण्याआधी पुढच्या तळावर चूल पेटवतात. म्हणून मेंढरे पुरुषांची असली तरी घोडी बायकांची असते. घोडीला जे कळते ते त्यामुळेच कळते. ती बायकांचे बोलणे ऐकत चालते.

माझा जन्म बिराप्पा नावाच्या धनगराच्या तळावर झाला. बिराप्पा जतकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरचा. त्याने मला मारून शिकवले नाही. आधी रिकामे पोते, मग भुसा भरलेले, मग धान्याचे, असे माझ्या पाठीला त्याने ओझ्याची ओळख करून दिली. मी पूर्ण ओझे उचलू लागले त्याच हंगामात धनाजीशी माझी गाठ पडली.

धनाजीचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. त्याची घोडी वाटेतच मेली. मी प्रथम पाहिले ते त्याची बायको हरणाबाई हिला. रस्त्याच्या कडेला विखुरलेल्या संसारावर ती ताठ बसली होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाकडे पाहत नव्हती. मला ती बाई तेव्हाच आवडली.

बिराप्पाने माझी दोरी सोडली आणि धनाजीच्या हातात दिली. "ने गड्या. हिला पयली शिंगरी झाली, अन ती वज्जं उचलाया लागली, की ती मला आणून दे. मग फिटलं."

शिंगरी म्हणजे घोडीची मुलगी. एवढ्यावर व्यवहार पुरा झाला होता. पण धनाजीची मान फार ताठ. कुणाचा उपकार घेणे त्याला सोसवले नाही. त्याने कमरेची पिशवी सोडली, बिरोबाच्या भंडाऱ्याची चिमूट उचलली आणि म्हणाला, "बिरुबाचा भंडारा उचलून सांगतो. पयली शिंगरी तुमची."

बिराप्पा रागावला. "आरं, कुणी मागितला हुता भंडारा? तोंडानं म्हणलास त्येवढं पुरं हुतं की रं!"

मित्रांनो, भंडारा म्हणजे हळदीची पूड. पण तो उचलून दिलेला शब्द आमच्या माणसांत फार जड असतो. घेणाऱ्याने सोडतो म्हटले तरी तो सुटत नाही. आणि त्या शब्दापोटी दिलेले जनावर देणाऱ्याच्या दावणीला पुन्हा बांधता येत नाही. उपकार घेताना मान खाली जाऊ नये म्हणून देवाला जामीन ठेवायचे, ही आमच्या माणसांची जुनी खोड आहे. ती मला कधीच मान्य नव्हती. पण मला कोण विचारतो?

मी हरणाबाईची झाले. पाल, भांडी, पिठाची पोती, मेंढरांभोवती लावायची जाळी, नुकती जन्मलेली कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या, असे सारे माझ्यावर लादले जाई. पुढे त्या सगळ्याच्या मध्यभागी, एका टोपलीत, पल्लवी नावाची एक मुलगीही बसू लागली. ती धनाजीची एकुलती लेक. माझ्या पाठीवर बसून ती चालायच्या आधी बोलायला शिकली.

माझे कौतुक त्या काळात पुष्कळ झाले. पुराने पूल वाहून गेला आणि पाण्यातून मी कोकरांसह पलीकडे गेले, तेव्हा काठावरच्या शेतकऱ्यांनी मला गूळ दिला. औंधच्या रस्त्यावर मोटारी थांबवून लोक माझा फोटो काढत. हरणाबाई म्हणे, "काढा, काढा. माझा काढू नगासा, तिचा काढा. राबती ती हाय."

मला शिंगरेही झाली. पण ती सारी नर निघाली. प्रत्येक वेळी धनाजी येई, वाकून पाही आणि निघून जाई. त्याच्या मानेवरचे ते देणे मला दिसत असे.

पल्लवी शाळेसाठी म्हसवडला मामाकडे राहू लागली आणि सुट्टीत तळावर येऊ लागली. ती बारावीत होती तेव्हाची गोष्ट. आमचा तळ औंधच्या अलीकडे, यमाईचा डोंगर दिसेल अशा रानात होता. मुलगी आल्या आल्या आईजवळ बसली.

"आये, सांगलीचं देवदत्त सर आलं हुतं कालिजात. त्येंनी सांगितलं, परत्येकानं आपलं ध्येयवाक्य लिवायचं."

"त्ये काय असतंय?"

"आपुन कशासाठी जगतोय त्ये एका वाक्यात लिवायचं. अन भितीवर लावायचं. रोज उठल्याबरुबर दिसलं पायजे. म्हंजे मन हिकडं तिकडं जात न्हाई."

"मग?"

"मग मी उठून म्हणलं, सर, आमाला भितच न्हाई."

"अन?"

"समदी हसली. सर बी हसलं. म्हणलं, मग मनाच्या भितीवर लाव."

हरणाबाई भाकरी थापत होती. "त्येला म्हणावं, मनावर खिळा तूच ठोकून दाव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवताना पल्लवीने आपण लिहिलेले वाक्य आईला ऐकवले. मी ते शब्दशः सांगते. "मी खूप शिकून, आई-वडिलांचे नाव मोठे करून, समाजाची सेवा करीन, गोरगरिबांना मदत करीन, पक्के घर बांधीन, जग फिरीन आणि नेहमी हसतमुख राहीन."

हरणाबाईने दोरीची गाठ आवळता आवळता माझ्याकडे पाहिले. "हे समदं एका घोडीवर? आगं, तेजी बसंल की खाली!"

"मग काय काढू?"

"त्ये मला काय इचारतीस? मी कसं लादती बघ. तळावर गेल्यावर ज्याच्यावाचून चूल पेटणार न्हाई, त्ये आधी. बाकीचं, जागा उरली तर."

मित्रांनो, ध्येय लिहिण्याविषयी यापेक्षा शहाणे बोलणे मी ऐकलेले नाही, आणि मी रस्त्यावर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. पल्लवी वाटेने एकेक गोष्ट उतरवत चालली. हसतमुख राहणे आधी उतरले. मग जग फिरणे. पक्क्या घराला तिने बराच वेळ धरून ठेवले; मग तेही गेले. समाजाची सेवा कुणाची आणि कोणती, हे तिला सांगता येईना, म्हणून तीही उतरली. शेवटी तिच्या मनात राहिली ती मागच्या हिवाळ्यातली कोकरे. अवकाळी पावसात ती चिखलात पोट फुगून मेली होती. धनाजीने डॉक्टरांना फोन केला, तेव्हा पलीकडून पत्ता विचारला गेला. तळाला पत्ता नसतो. गावाचे नाव सांगितले, रानाचे सांगता आले नाही. डॉक्टर आलेच नाहीत.

त्यातून जे वाक्य उरले ते असे होते: "मी तळावरच्या मेंढरांची डॉक्टर होणार."

आता ते लावायचे कुठे? तो प्रश्न तिने आपणच सोडवला. बिऱ्हाडाबरोबर चालणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर असते ते घोडीचे मागचे अंग. माझे खोगीर जुन्या काळ्या घोंगडीचे होते आणि त्याचा एक पदर मागे लोंबत असे. पल्लवीने दाभण घेतले, पांढऱ्या लोकरीचा दोरा वळला आणि त्या पदरावर ते वाक्य टाके घालून लिहिले. ज्यांना भिंत नाही, त्यांची भिंत मी झाले. मला त्याचा अभिमान वाटला. तो मी लपवत नाही.

तळावरच्या बायका पोट धरून हसल्या. "आगं बया, तेजीला नंबरपलेट बसवली!"

"बसवली तर बसवली," हरणाबाई म्हणाली, "तुमच्या घोड्या हरावल्या तर कुणाच्या म्हणून सांगशीला?" मग तिने लेकीला पिशवी पुढे केली. "भंडारा उचल पोरी. म्हंजे खरं हुईल."

पल्लवीने हात मागे घेतला. "नगं आये. पाळायचं तर मलाच हाय. द्यावाला कशाला मधी घ्यायचं?"

धनाजी जवळच उभा होता. त्याने कमरेची पिशवी चाचपली.

सांगायचे एवढेच, की वाक्याने आपले काम केले. सुट्टीतल्या प्रत्येक मुक्कामाला ती माझ्या मागे चालत असे आणि धडे पाठ करत असे. चालताना मध्येच गप्प झाली, मोबाईलमध्ये रमली, की समोर तो पदर हलत असे. मग ती स्वतःशीच हसून पुन्हा सुरुवात करी. बारावीला तिला इतके चांगले गुण मिळाले, की मामाने म्हसवडला पेढे वाटले. पुढे जनावरांच्या दवाखान्यातली पदविका करायची, नोकरी धरायची आणि मग आणखी शिकायचे, असे तिने ठरवले. त्यासाठी वसतिगृहात राहावे लागणार होते.

आणि त्याच वर्षी दोन गोष्टी बिघडल्या. हरणाबाईचा गुडघा गेला. आणि माझी पाठ लागली. खोगिराखाली जखम झाली, ती भरली, पुन्हा उघडली. पुऱ्या ओझ्याला मी वाकू लागले. पल्लवीने जखम धुतली, हळद भरली, खोगीर उसवून आतून मऊ कापड लावले आणि मग निम्मे ओझे माझ्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतले.

"यंदाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "फुडच्या वर्षी जाती."

दुसरी घोडी आणायची कुठून? विकायला घोडी असलेली माणसेच उरली नव्हती. तळावरच्या बाकीच्यांनी एकेक करून टेंपो घेतले. त्यांची बिऱ्हाडे आता माझ्या शेजारून धूळ उडवत जातात. त्यांच्या घोड्या कुठे गेल्या ते मी विचारले नाही. ज्या रस्त्यावर लोक माझा फोटो काढत, त्याच रस्त्यावर आता मला बाजूला हाकलण्यासाठी भोंगे वाजवतात. धनाजीची मेंढरे थोडी. टेंपो घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

अशा दिवसांत, मला आता काही होणार नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले असताना, मला शिंगरी झाली.

तिचे नाव शेवंती ठेवले. हौसा, मोरी, सावळी, तेजी आणि शेवंती. ती उभी राहिली तेव्हा तिचे पाय थरथरले नाहीत. पल्लवी तिच्या गळ्यात हात टाकून बसली आणि हिशेब मांडू लागली. शेवंती वाढेल, पुरे ओझे उचलेल. शेजारणी लादायला हात लावतील, आई काठी टेकत मागे चालेल. मग आपल्याला जाता येईल. धनाजी आला, वाकून पाहिले आणि या वेळी तिथेच खाली बसला.

"पयली शिंगरी," तो म्हणाला.

हरणाबाईने ऐकले आणि तोंड फिरवले.

बिराप्पाला बातमी कळली आणि तो भेटायला आला. आता तो फार म्हातारा झाला होता. त्याने माझ्या मानेवर हात फिरवला, शेवंतीचे कान चाचपले आणि खोगिराचा पदर उलटून पाहिला.

"ह्ये काय गं पोरी?"

"आज्जा, माझं ध्येयवाक्य हाय."

"वाच की. मला कुठं येतंय."

तिने वाचले. सगळी हकीकतही सांगितली. बिराप्पा हसला. "मग तर ही शिंगरी तुलाच राहू दे. मी म्हातारा तिला काय करू? धनाजी, ऐकलास न्हवं? मी सोडलं रं."

हरणाबाईच्या डोळ्यांना पाणी आले. "आवं मामा, तुमच्या तोंडात साखर पडू दे."

धनाजीने चहाचा पेला खाली ठेवला. "बरं," एवढेच तो म्हणाला. मी त्याचा चेहरा पाहिला होता. त्या चेहऱ्यावर काहीही सुटलेले नव्हते.

त्यानंतरचा काळ आशेचा होता. मला त्याच्याविषयी फार सांगवत नाही. पल्लवीने शेवंतीला शिकवले, ते बिराप्पाने मला शिकवले होते तसेच: आधी रिकामे पोते, मग भुशाचे, मग धान्याचे. दर दिवाळीला ती माझ्या पदरावरचे झिजलेले टाके पुन्हा घालत असे. निम्मे ओझे मात्र तिच्याच डोक्यावर होते. तिची मान जाड झाली. कॉलेजातल्या मैत्रिणींचे फोन आधी रोज येत, मग सणाला येऊ लागले, मग थांबले. गतवर्षी तिने सांगलीकडच्या एका संस्थेत प्रवेश मिळवला. दिवाळीनंतर हजर व्हायचे होते.

दिवाळी झाली. आम्ही निघालो. पहिल्याच मुक्कामाला शेवंतीवर पुरे ओझे लादले आणि ती तळापर्यंत न थांबता चालली. पल्लवीचे डोके कित्येक वर्षांनी मोकळे होते. ती मोकळे हात हलवत चालली. मध्येच पळालीसुद्धा.

दुपारी धनाजी मेंढरे घेऊन तळावर आला. शेवंतीच्या पाठीवरून ओझे उतरत होते. त्याने पाहिले, डोक्याचा पटका काढला आणि मातीत बसला.

"उचललं व्हय तिनं?"

"उचललं की! समदं उचललं!" हरणाबाई म्हणाली.

"मग ती आता बिराप्पाची झाली."

"आवं, काय बोलताय? बिराप्पामामानं कवाच सोडलंय. ह्या कानांनी ऐकलंय मी."

"त्येनं सोडलं. पर उचलला हुता मी."

"पोरीचं काय? चार दिसांनी तिला हजर व्हायचंय. माझ्या गुडघ्याचं काय? तेजीची पाठ बघितलीसा का?"

"समदं बघितलंय. मेंढरू आजारलं तर डॉक्टरला इचारावं. माझ्या नरड्याखाली घास उतरत न्हाई, त्ये कुणाला इचारू?" मग तो लेकीकडे वळला. "पल्ले, तू म्हण. तू म्हणलीस, ठिवू, तर ठिवू. काय व्हायचं त्ये मला हुईल."

मित्रांनो, इथे मी माझे मत सांगते आणि ते बदलणार नाही. ज्याने भंडारा उचलला त्यानेच निर्णय करायला हवा होता. तो त्याने मुलीच्या ओंजळीत टाकला. मी त्या माणसाचे मीठ खाल्ले आहे, तरीही हे मला आवडले नाही.

पल्लवीने शेवंतीची दोरी खुंटीला बांधली. पुढचे सगळे मुक्काम, आम्ही कृष्णाकाठी पलूसच्या रानात पोहोचेपर्यंत, ती माझ्या मागे चालली. हजर होण्याचा दिवस वाटेतच उलटून गेला. संस्थेतून फोन आला. "आणखी थोडा अवधी द्या," असे ती शुद्ध भाषेत म्हणाली. पलीकडच्यांनी आठवड्याची मुदत दिली. समोर माझा पदर हलत होता. त्या दिवाळीला तिने टाके घातले नव्हते. तिला वाटले असावे, आता त्यांची गरज नाही.

बिराप्पाचा तळ पलूसलाच पलीकडच्या रानात पडला होता. आदल्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "आबा, उद्या शेवंतीला देऊन येऊ."

"मी सांगितलं न्हाई तुला," धनाजी म्हणाला.

"तुमी न्हाई सांगितलं. पर तुमी जेवत न्हाई, त्ये मी रोज बघती. तुमच्या मोडल्या शबदावर पाय दिऊन मी डॉक्टर झाली, तर त्या दवाखान्यात मला उभं ऱ्हावंल का?"

हरणाबाई ओरडली, "तुमी दोगं बापलेक द्यावाचं लाडकं! माझा गुडघा कुणी घडवला, त्येच्याकडं बी जरा बघा!" पण तिचा आवाज शेवटी फाटला. हे आता थांबणार नाही, हे तिला कळले होते.

शेवटचा प्रसंग सांगण्याआधी तुम्हाला एक आज्ञा करते. म्हातारीची विनंती समजू नका, आज्ञाच आहे. तुमच्या शाळेतही कुणीतरी येऊन सांगेल, ध्येयवाक्य लिहा. जरूर लिहा. एकच लिहा, नेमके लिहा आणि रोज वाचा. पल्लवीसारखे चित्त लावून वाचा. पण ते कशावर लिहिता आहात, इकडे लक्ष ठेवा. ते भिंतीवर असेल, तर भिंत कुणी बांधली ते पाहा. ते कुणाच्या पाठीवर असेल, तर ती पाठ उघडून पाहा. तिला जखम आहे का, तिच्यावर कुणाचे देणे आहे का, हे विचारा. पल्लवीने माझी पाठ पाहिली होती, धुतली होती. ज्यांनी तिच्या पाठीकडे पाहायला हवे होते, त्यांनी पाहिले नाही. ते वाक्य पुरे होईल असे मला वाटत नाही. माझ्या घराण्यात कुणाला बरे वाटावे म्हणून बोलण्याची रीत नाही.

आता ऐका. शेवंती एकटी जाईना, म्हणून मलाही बरोबर नेले. बिराप्पाच्या तळावर एक नवा कोरा टेंपो उभा होता. त्याच्या नातवांनी तो घेतला होता. बिऱ्हाड टेंपोतच होते.

"आरं, म्या सोडलं हुतं न्हवं?" बिराप्पा आम्हाला पाहून उठला. "धनाजी, शाणा हैस का खुळा? मला टेंपो हाय. मी हिला बांधू कुठं?"

"आज्जा, तुमी सोडलंसा," पल्लवी म्हणाली. "पर आबाला कोन सोडवणार?"

म्हातारा टेंपोपासून पुढे आला. "असं कर," तो म्हणाला, "मी हिला घेतली. अन आता माझ्याकडनं तुला भेट दिली. झालं."

धनाजीने मान हलवली. "माझ्या दावणीला परत आली, तर फिटलं कसं?"

बिराप्पालाही ते ठाऊक होते. त्याने विचारून पाहिले होते, एवढेच. टेंपोतून निदान निम्मे ओझे तरी पोचवतो, असे तो म्हणाला. पण त्यांची वाट उद्यापासून दक्षिणेला वळणार होती आणि आमची कऱ्हाडकडे.

मग त्याने हात पुढे केला. पल्लवीने दोरी दिली. देताना तिने शेवंतीच्या पाठीवर हात फिरवला, जखम नाही ना हे पाहण्यासाठी फिरवतात तसा. जखम नव्हती.

"उजव्या बाजूला वज्जं जास्त झालं तर मान खाली घालती," ती म्हणाली. "तवा बळं करू नगासा. गाठ सैल करा."

"वज्जं कुठलं आता," बिराप्पा म्हणाला.

त्याने शेवंतीला टेंपोच्या मागच्या कडीला बांधले. तिने मला हाक मारली. मी उत्तर दिले नाही. दिले असते तर तिने दोरी तोडली असती. पल्लवीने फोन काढला, संस्थेला लावला आणि आपण येऊ शकत नाही, असे शुद्ध भाषेत सांगितले. पलीकडून काहीतरी विचारले गेले. "नाही, पुढच्या वर्षीचे सांगता येणार नाही," ती म्हणाली आणि फोन पिशवीत ठेवला.

बिराप्पाने पिशवीतून भंडारा काढला. शेवंतीच्या कपाळाला लावला, मग धनाजीच्या.

"फिटलं रं गड्या," तो म्हणाला. "तुझं समदं देणं फिटलं."